पवारणा संशोधनालाही हवी

अश्विन पौर्णिमेला आमच्या द्रोणागिरीतल्या विहारात वर्षावासाची सांगता झाली. तीन महिने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालले होते. शेवटच्या दिवशी वंदना झाली, खीरदान झाले आणि मंडळी दाराशी चपला शोधत असताना एका उपासिकेने मला बाजूला घेतले. त्यांच्या हातात मोबाइल होता. “ताई, एवढं बघा ना. आमच्या ह्यांना साखर आहे. जावयाने ही पावडर सांगितलीय. महिन्याला तीन हजार रुपये. गोळ्या बंद करा म्हणतात. पण खाली लिहिलंय, इंटरनॅशनल जर्नलमध्ये छापून आलंय. छापून आलंय म्हणजे खरंच असेल ना?”

घरी येऊन मी तो शोधनिबंध शोधून वाचला. सहा पाने आणि बावीस रुग्ण. तुलनेसाठी दुसरा गट नाही. रुग्णांच्या नेहमीच्या गोळ्या चालू होत्या की बंद, याचा उल्लेख नाही. निबंध नियतकालिकाकडे आल्याची तारीख आणि स्वीकारल्याची तारीख यांत अंतर होते फक्त चार दिवसांचे. पहिल्या पानावर मात्र ठळक अक्षरांत छापले होते की हे ‘पीअर रिव्ह्यूड’, म्हणजे तज्ज्ञांनी परीक्षण केलेले नियतकालिक आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्या ताईंना सांगितले, गोळ्या अजिबात बंद करू नका आणि पावडरीवर पैसे घालवू नका. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “पण तपासलंय असं लिहिलंय की. मग तपासणाऱ्याला कोण तपासतं?”

हा प्रश्न मी बरीच वर्षे टाळत आले आहे. एका वैद्यकीय महाविद्यालयात मी शिकवते, स्वतः शोधनिबंध लिहिते आणि इतरांचे तपासतेही. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर ब्लडप्रेशर किंवा ॲनिमियाऐवजी या प्रश्नाबद्दल लिहायचे ठरवले.

परीक्षण म्हणजे काय?

वैद्यकीय नियतकालिकाकडे शोधनिबंध आला की संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतो. हे झाले परीक्षक. रुग्ण कसे निवडले, अभ्यासाची पद्धत योग्य आहे का, आकडेमोड बरोबर आहे का, निष्कर्ष पुराव्यापेक्षा मोठा तर नाही ना, रुग्णांची संमती नीट घेतली का, हे त्यांनी तपासायचे असते. मग ते शिफारस करतात: छापा, सुधारून घ्या किंवा परत पाठवा. अंतिम निर्णय संपादकाचा असतो. बहुतेक ठिकाणी परीक्षकाला मानधन नसते, त्याचे नाव जाहीर होत नाही आणि त्याने काय लिहिले ते वाचकाला कधीच दिसत नाही.

हे काम नीट झाले तर काय घडते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये परीक्षणातून पार पडून छापला गेला. पुढे २०११ पासून सरकारने आशाताईंमार्फत ही पद्धत देशभर नेली. आज उरण तालुक्यात बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी दारात येतात, वजनकाटा काढतात, बाळाचे अंग गरम आहे की गार ते पाहतात. त्या भेटीचे मूळ त्या निबंधात आहे. म्हणून परीक्षण हे प्राध्यापकांचे आपापसातले काम आहे असे समजू नका. त्याचा परिणाम आपल्या उंबरठ्यापर्यंत येतो.

आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. वर्षावास संपताना भिक्खुसंघ पवारणा करतो. प्रत्येक भिक्खू इतरांना विनंती करतो की माझ्यात काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा. ज्येष्ठ भिक्खूही यातून सुटत नाही. त्याच्यापासूनच सुरुवात होते. यातल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. दोष दाखवणे हा इथे अपमान नसून उपकार आहे. तपासणी सर्वांसमोर होते. आणि जो तपासला जातो तो स्वतःहून पुढे येतो.

बाबासाहेबांनीही परीक्षणाची ही धग सोसली होती. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९२२ साली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला. परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत केला. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहून पाठवला आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. त्याच वर्षी तो प्रबंध पुस्तकरूपाने निघाला, त्याला त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. त्या प्रस्तावनेत कॅनन यांनी आपल्या विद्यार्थ्याशी असलेले मतभेद उघडपणे नोंदवले आणि त्याच्या विचाराची ताकदही मान्य केली. मतभेद छापले गेले, म्हणून आज शंभर वर्षांनी आपण ते वाचू शकतो.

वैद्यकीय संशोधनाचे परीक्षण आज असे उघड असते, तर हा लेख लिहायची गरज पडली नसती.

परीक्षणाची दुकाने

२०१३ साली ‘सायन्स’ या अमेरिकी साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने एक प्रयोग केला. त्याने एक खोटा शोधनिबंध रचला. दगडफुलासारख्या वनस्पतीतला एक पदार्थ कर्करोगाच्या पेशी मारतो, असा त्यात दावा होता. लेखक काल्पनिक, त्यांच्या संस्था काल्पनिक, आणि चुका अशा की नीट वाचणाऱ्या कोणाच्याही लगेच लक्षात याव्यात. हा निबंध त्याने किरकोळ फेरफार करून ३०४ नियतकालिकांकडे पाठवला. १५७ जणांनी स्वीकारला, ९८ जणांनी नाकारला. भारतातून चालणाऱ्या नियतकालिकांचा हिशेब तर आणखी वाईट निघाला: ६४ स्वीकार, १५ नकार. स्वीकारणाऱ्यांत आपल्या मुंबईच्या ‘मेडनो’ या प्रकाशनाचे एक नियतकालिकही होते, आणि तेव्हा या प्रकाशनाची मालकी वोल्टर्स क्लुवर या मोठ्या परदेशी कंपनीकडे होती. भांडे फुटल्यावर ते नियतकालिक बंद झाले. या प्रयोगातला सर्वांत बोचरा आकडा वेगळाच आहे. ३०४ पैकी फक्त ३६ ठिकाणी परीक्षकांनी निबंधातले शास्त्रीय दोष दाखवले, आणि त्या ३६ पैकी १६ ठिकाणी संपादकांनी परीक्षकांचे न ऐकता निबंध स्वीकारला.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची कथाही अशीच. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीवरून या यादीत आलेली नियतकालिके तपासली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. त्यानंतर पुण्यातूनच चालणारी ‘केअर’ यादी आली. २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि पारख करण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर सोपवली.

हे असे का होते? वैद्यकीय महाविद्यालयात वरच्या पदावर जायचे तर शोधनिबंध दाखवावे लागतात. दिवसभर ओपीडीत दीडशे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरने संशोधन कधी करायचे, हे कोणी विचारत नाही. निबंधांची संख्या मात्र मोजली जाते. मागणी आली की दुकाने उघडतात. मी नुकती नोकरीला लागले तेव्हा एका नियतकालिकाने माझा निबंध चार दिवसांत स्वीकारल्याचे कळवले. परीक्षकांचे शेरे मागितले, तर उत्तरात फक्त पैसे भरायचा खाते क्रमांक आला. मी निबंध मागे घेतला. पण माझ्याबरोबरच्या ज्यांनी पैसे भरले त्यांना मी सरसकट दोष देणार नाही. घरातला पहिला डॉक्टर, डोक्यावर शिक्षणाचे कर्ज, आणि बढती अडलेली. त्या दुकानात कोण कोणत्या नाइलाजाने जातो, हे मला माहीत आहे.

आमच्या द्रोणागिरी डोंगराच्या नावामागे एक दंतकथा सांगतात: नेमकी वनस्पती ओळखता येईना, म्हणून अख्खा डोंगरच उचलून आणला. आपण अशा कथांवर विश्वास ठेवत नाही. पण आजच्या वैद्यकीय प्रकाशनाचे चित्र तसेच आहे. निबंधांचा डोंगर उचलून आणला आहे, त्यातली औषधी कोणती आणि तण कोणते हे सांगणारा माणूस मिळत नाही.

मोठ्या नावांचेही चुकते

फसवणूक फक्त छोट्या दुकानांत होते, असे समजू नका. करोनाच्या पहिल्या लाटेत आयसीएमआरच्या सल्ल्याने आरोग्य कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनच्या गोळ्या दिल्या जात होत्या, आठवते? २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’मध्ये निबंध आला की या गोळ्यांमुळे करोनाच्या रुग्णांचे मृत्यू वाढतात. ६७१ रुग्णालये आणि ९६,०३२ रुग्ण असा त्याचा भव्य आधार होता. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवल्याचे जाहीर केले. पण जगभरच्या संशोधकांनी निबंध वाचला आणि त्यांना काही आकडे जुळेनात. ऑस्ट्रेलियात सरकारी नोंदीत जितके मृत्यू होते त्याहून जास्त मृत्यू निबंधातल्या थोड्या रुग्णालयांत दाखवले होते. शंभरावर शास्त्रज्ञांनी उघड पत्र लिहिले. मूळ माहिती दाखवा म्हटल्यावर सर्जिस्फिअर या कंपनीने ती दिली नाही, आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. ते औषध करोनावर उपयोगी नाही हे पुढे नीट केलेल्या चाचण्यांतून सिद्ध झाले, तो भाग निराळा. इथे लक्षात घ्यायचे ते हे की परीक्षकांनी मूळ माहिती पाहिलीच नव्हती. चूक पकडली ती छापल्यानंतर उघडपणे वाचणाऱ्यांनी.

परीक्षक प्रामाणिक असला तरी त्याची नजर किती चुका टिपते? ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने आपल्याच परीक्षकांची परीक्षा घेतली. निबंधांत मुद्दाम नऊ मोठ्या चुका पेरल्या आणि ते सहाशेहून अधिक परीक्षकांना दिले. सरासरी तीनच्या आसपास चुका सापडल्या. थोडक्या प्रशिक्षणानेही फारसा फरक पडला नाही.

आता माझी पवारणा. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निबंध परीक्षणाला आला होता. शाळकरी मुलींना रक्तवाढीच्या गोळ्या देऊन हिमोग्लोबिन किती वाढते, असा साधा अभ्यास होता. मुदत संपत आली होती. मी तो संध्याकाळच्या लोकलमध्ये चाळीस मिनिटांत वाचला आणि ‘किरकोळ दुरुस्त्या करून छापावा’ असे लिहून पाठवले. पुढे छापलेला अंक हाती आला तेव्हा लक्षात आले, की सुरुवातीला जितक्या मुली होत्या त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश शेवटच्या तक्त्यात नव्हत्या. त्या का गेल्या? गोळ्यांनी पोटात मळमळले म्हणून सोडल्या, की आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेल्या? ज्या टिकल्या फक्त त्यांचेच हिमोग्लोबिन मोजले, तर गोळी आहे त्यापेक्षा गुणकारी दिसणारच. हा प्रश्न मी विचारायला हवा होता, विचारला नाही. माझा तो शेरा कोणी वाचू शकत नाही, म्हणून माझी चूकही कोणाला दिसली नाही. आज मी ती इथे लिहिते आहे.

न विचारलेला प्रश्न

आता आपल्या राज्यातल्या ज्या अभ्यासांनी मला हा विषय सर्वांत जास्त शिकवला, त्यांच्याकडे येते.

१९९८ साली टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास सुरू केला. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा होता. वस्त्यांचे वीस गट पाडले. दहा गटांतल्या ७५,३६० बायकांना दर दोन वर्षांनी व्हिनेगरसारखा द्राव लावून करायची साधी तपासणी देऊ केली. उरलेल्या दहा गटांतल्या ७६,१७८ बायकांना सुरुवातीला एकदा कर्करोगाविषयी माहिती दिली, तपासणी दिली नाही. असाच अभ्यास उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाला. त्यात १,३१,७४६ बायका होत्या आणि त्यांतल्या ३१,४८८ तपासणीविना ठेवलेल्या तुलनेच्या गटात होत्या.

उस्मानाबादचे निष्कर्ष २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. एचपीव्ही विषाणूची तपासणी मिळालेल्या गटात या कर्करोगाने ३४ बायका दगावल्या आणि तपासणी न मिळालेल्या गटात ६४. मुंबईचे निष्कर्ष २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या नावाने निघणाऱ्या नियतकालिकात आले. व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. या अभ्यासांनी जगाच्या उपयोगाचे ज्ञान दिले, हे आधी मान्य करू. एचपीव्ही तपासणीची शिफारस आज जागतिक आरोग्य संघटना करते, तिच्यामागे मराठवाड्यातल्या बायकांनी दिलेला पुरावा आहे.

पण २०१४ साली मुंबईतून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये डॉ. एरिक सुबा या अमेरिकी डॉक्टरांनी एक प्रश्न मांडला. पॅप तपासणीने हा कर्करोग टळतो हे कित्येक दशके माहीत असताना, तुलनेच्या गटातल्या बायकांना काहीच तपासणी का दिली नाही? तमिळनाडूतला तिसरा अभ्यास धरून अशा बायकांची संख्या १,३८,६२४ होती, आणि त्यांतल्या किमान २५४ या कर्करोगाने दगावल्या. संशोधकांची बाजू अशी होती की देशात तपासणीची व्यवस्थाच नव्हती, म्हणजे या बायकांना एरवी जे मिळाले असते तेच मिळाले, आणि अभ्यासानंतर त्यांनाही तपासणी देऊ केली गेली. संमती घेताना पुरेशी माहिती दिली होती का, यावरही वाद झाला. दोन्ही बाजू विचार करण्यासारख्या आहेत आणि निवाडा करण्यासाठी मी हे लिहीत नाही.

माझा मुद्दा परीक्षणाचा आहे. हे निबंध जगातल्या नामांकित नियतकालिकांच्या परीक्षणातून पार पडले होते. तुलनेच्या गटातल्या बाईला मराठीत नेमके काय सांगितले? अंगठा उठवणाऱ्या बाईला ते कळले याची खात्री कशी केली? तिला तपासणी मिळणार नाही, हे तिला माहीत होते का? परीक्षकांपैकी कोणी हे विचारले असेल तर त्याचे श्रेय त्याला मिळायला हवे. विचारले नसेल तर तेही आपल्याला दिसायला हवे. पण ‘न्यू इंग्लंड जर्नल’ परीक्षकांचे अहवाल प्रसिद्ध करत नाही. त्या बायकांची नावे गुप्त ठेवणे योग्यच होते. त्यांच्याविषयी विचारलेले प्रश्न गुप्त ठेवण्याचे मात्र काही कारण नव्हते.

त्या वस्त्या आणि ती खेडी आपल्याला अनोळखी नाहीत. आपल्या आया, मावश्या, आत्या अशाच ठिकाणी राहिल्या. देह ज्यांचे, पुरावा ज्यांचा, त्यांच्यातली एकही बाई परीक्षणाच्या टेबलाशी बसावी अशी पद्धतच नव्हती. आपल्याच रायगड जिल्ह्यात महाडला बाबासाहेबांनी १९२७ साली सांगितले की तळे सार्वजनिक असेल तर त्याचे पाणीही सर्वांचे. ज्ञानाचे तळे तर आपल्याच लोकांच्या रक्ताच्या नमुन्यांनी भरते. त्याच्या काठावर उभे राहून आत काय चालले आहे ते पाहण्याचाही हक्क आपल्याला नसावा?

काय बदलायला हवे

पहिली गोष्ट, निबंधाबरोबर परीक्षकांचे अहवाल आणि लेखकांची उत्तरे छापावीत. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ २०१४ पासून संशोधन निबंधांबाबत हे करते आहे. त्यामुळे ते नियतकालिक बुडाले नाही. यावर एक आक्षेप येतो: नाव उघड झाले तर कनिष्ठ परीक्षक बड्या प्राध्यापकाविरुद्ध बोलणार नाही. आपल्या समाजातल्या तरुण डॉक्टरांना ही भीती सर्वांत जास्त कळेल. विभागप्रमुखाच्या निबंधावर बोट ठेवले तर पुढे परीक्षेत, बदलीत काय होते ते आपण पाहिलेले आहे. संघात जात गळून पडत होती, म्हणून समोरासमोर बोलता येत होते. आपली महाविद्यालये अजून तशी झालेली नाहीत. म्हणून माझी मागणी अशी की अहवाल सक्तीने उघडा असावा आणि परीक्षकाचे नाव त्याच्या इच्छेवर सोडावे.

दुसरी गोष्ट, रुग्णांना परीक्षणात जागा हवी. हेच ब्रिटिश नियतकालिक २०१४ पासून रुग्णांनाही परीक्षक म्हणून बोलावते. आकडेमोड तपासणे हे त्यांचे काम नाही. हा प्रश्न आमच्या जगण्यात महत्त्वाचा आहे का, हा उपचार आमच्या मजुरीच्या वेळात आणि पैशात बसतो का, आम्हाला काय सांगायला हवे होते, हे रुग्णच सांगू शकतो. मुंबई-पुण्यातल्या नियतकालिकांना हे करायला कोणी अडवलेले नाही. त्यासाठी निबंधाचा दोन पानी सारांश साध्या मराठीत मागावा लागेल. तो लिहिताना लेखकाचाही विचार स्वच्छ होतो, हा माझा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट, अभ्यासात कोण होते आणि कोण नव्हते, हे परीक्षकाने विचारलेच पाहिजे. विदर्भात आदिवासींबरोबर आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. तिथल्या मुलांना हायड्रॉक्सीयुरिया किती द्यावे, याचे उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांवरून आपोआप मिळत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी ६० मुलांवर दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम अशा कमी मात्रेची काटेकोर चाचणी केली आणि २०१२ मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हा इथल्या मुलांसाठी इथला पुरावा मिळाला. जात, वस्ती, मजुरी यांची नोंद नसलेला अभ्यास ‘भारतीय रुग्ण’ असे म्हणतो, तेव्हा तो नेमका कोणाबद्दल बोलतो हे विचारणे परीक्षकाचे काम आहे.

चौथी गोष्ट, फक्त निबंध पाहून परीक्षण होत नाही. औषधाच्या प्रत्येक चाचणीची नोंद २००९ पासून भारताच्या चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये आधीच करावी लागते. तिथे काय मोजणार म्हणून लिहिले होते आणि निबंधात काय मोजल्याचे दाखवले, हे ताडून पाहायला अर्धा तास पुरतो. मूळ आकड्यांची फाइल संख्याशास्त्रज्ञाला दाखवणे सक्तीचे हवे. सर्जिस्फिअरचा धडा तोच आहे.

पाचवी गोष्ट, या कामाला मोल हवे. जगभरच्या परीक्षकांनी २०२० या एका वर्षात दहा कोटींहून अधिक तास हे काम फुकट केले, असा संशोधकांचा अंदाज आहे. दुसरीकडे मोठ्या प्रकाशकांचा नफा तीस टक्क्यांच्या वर जातो. बढतीसाठी निबंधांची संख्या कमी करा आणि चांगल्या परीक्षण-अहवालांना गुण द्या. माझ्यासारखीला मग लोकलमध्ये चाळीस मिनिटांत हात झटकता येणार नाहीत.

आणि सरकारसाठी एक गोष्ट. ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ या योजनेत केंद्र सरकारने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये प्रकाशकांना देण्याचे नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केले. तेरा हजारांच्या आसपास नियतकालिके त्यातून विद्यार्थ्यांना वाचायला मिळतील, हे चांगलेच आहे. पण एवढा पैसा मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला अट घालता येते. भारतीय रुग्णांवरच्या अभ्यासांचे परीक्षण अहवाल उघडे ठेवा, एवढी अट घालायला काय हरकत आहे?

विहारातून सुरुवात

हे सारे होईपर्यंत आपण काय करावे? कोणी ‘संशोधनाने सिद्ध’ म्हणून औषध, पावडर, पट्टा, पाणी विकायला आले, तर चार प्रश्न विचारा. किती माणसांवर पाहिले? तुलनेला दुसरा गट होता का? मध्येच सोडून गेलेल्यांचे काय झाले? पैसा कोणी दिला? उत्तर मिळाले नाही तर खिशात हात घालू नका, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. तथागतांनी कालामांना हेच शिकवले होते: ग्रंथात आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका. त्या यादीत आज ‘जर्नलमध्ये छापले आहे म्हणून’ हेही धरायला हवे.

कोणी तुम्हाला अभ्यासात भाग घ्यायला सांगितले, तर लगेच नकार देऊ नका आणि लगेच अंगठाही देऊ नका. मी कोणत्या गटात असेन, मला काय मिळणार नाही, आणि निष्कर्ष मला मराठीत कधी सांगणार, हे विचारा. संमतीपत्राची प्रत मागून घ्या.

आपल्या समाजातून आता शेकडो मुलेमुली एमडी, एमएस, नर्सिंग, फार्मसी करत आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. निबंध लिहा, तसेच परीक्षकही व्हा. संपादकांना स्वतःहून पत्र लिहा. तुमच्या आजीला दवाखान्यात कसे वागवले हे तुम्ही पाहिले आहे. ती नजर परीक्षणाच्या टेबलाला हवी आहे. द्रोणागिरीच्या विहारात महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक निबंध मराठीत वाचायचा, असे आम्ही काहीजणांनी ठरवले आहे. पहिला निबंध मी परीक्षण केलेला, तोच हिमोग्लोबिनचा घेणार आहे. माझी चूक सर्वांसमोर ठेवून सुरुवात करणे बरे.

पावडरीच्या त्या ताईंनाही बोलावले आहे. तपासणाऱ्याला कोण तपासतं, हा त्यांचा प्रश्न त्यांनीच तिथे पहिल्यांदा विचारावा.